चाळीस रुपयांचं थिंबल, अठ्ठावीस हजारांचा कंट्रोलर

ताईची पॉवर व्हीलचेअर पहिल्यांदा दगा देऊन थांबली ती बँकेच्या रॅम्पवर, अर्ध्या चढावर. जॉयस्टिकची दांडी पुढे केली की बॅटरीची पट्टी झपकन लाल व्हायची, सोडली की पुन्हा हिरवी. खुर्ची तसूभर हलेना. दोघांनी ढकलून तिला वर नेलं आणि संध्याकाळी खुर्ची टेम्पोत घालून दुरुस्तीला पाठवली. तिसऱ्या दिवशी फोन आला, "कंट्रोलर गेलाय. अठ्ठावीस हजार होतील. माल यायला तीन आठवडे धरा."

ताईला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. साध्या व्हीलचेअरची चाकं हाताने फिरवण्याइतकी ताकद तिच्या दंडात नाही. खुर्ची दुकानात असली की ताई पलंगावर असते. नऊ दिवस ती तशी होती. दहाव्या दिवशी मी खुर्ची परत आणली आणि गल्लीच्या तोंडाशी यूपीएस-इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या दादांना दाखवली. त्यांनी बॅटरीचं झाकण उघडलं आणि एकेक वायर नुसती हलवून पाहिली. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरच्या टोकाचं थिंबल, म्हणजे वायर टर्मिनलला जोडणारी धातूची कडी, तडकलं होतं. वायर चार-दोन तारांवर तग धरून होती. दिवे लावण्यापुरता करंट त्यातून जायचा, पण मोटरने जोर मागितला की नाही. नवं थिंबल चाळीस रुपये, दादांची मजुरी चारशे. खुर्ची आजही त्याच जुन्या कंट्रोलरवर चालते.

त्या नऊ दिवसांनी मला एक क्रम शिकवला. फुकटात तपासता येतं ते आधी तपासायचं, मग शंभर-पाचशे रुपयांत सुटेल ते, मग बॅटरी, आणि मोटर-कंट्रोलरचं नाव सगळ्यांत शेवटी काढायचं. पुढे दिलेले दर आम्ही स्वतः मोजलेले किंवा पुण्या-मुंबईच्या बाजारात विचारलेले आहेत. गाव, कंपनी आणि वर्षाप्रमाणे ते वर-खाली होतील, तेव्हा अंदाज म्हणूनच वापरा.

खुर्चीच्या पोटात

बहुतेक पॉवर व्हीलचेअरमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. हलक्या, घडीच्या खुर्च्यांमध्ये त्यांच्या जागी २४ व्होल्टचा एकच लिथियम पॅक असतो. पुढे कंट्रोलर, जॉयस्टिक आणि दोन मोटर, प्रत्येक मागच्या चाकाला एक. वळण्यासाठी वेगळं स्टिअरिंग नसतं. डावी मोटर जास्त फिरली की खुर्ची उजवीकडे वळते.

ब्रेकचं काम मात्र नीट समजून घ्या, कारण अर्धे गैरसमज तिथेच आहेत. मोटरच्या पाठीवरचा ब्रेक स्प्रिंगने कायम आवळलेला असतो आणि वीज मिळाली तरच सुटतो. म्हणून वीज गेली की खुर्ची घसरत नाही, जागच्या जागी जखडते. दांडी हलवताच दोन्ही बाजूंनी बारीक "टक्" असा आवाज येतो, तो ब्रेक सुटल्याचा. ताई तो आवाज कानाने पकडते. एकदा दारातच म्हणाली, "अरे, उजवीकडचं टक् येत नाहीये बघ." पाहिलं तर उजव्या मोटरचा प्लग निम्मा बाहेर आला होता. तुमच्या खुर्चीचा आवाज ती ठणठणीत असतानाच ओळखून ठेवा.

खिशाला हात लावण्याआधी

चार्जरची पिन जॉयस्टिकमध्ये राहिली आहे का? पिन आत असेपर्यंत खुर्ची मुद्दामच चालू दिली जात नाही. मोटरजवळचे ढकलण्यासाठीचे लिव्हर दोन्ही बाजूंना चालवण्याच्या बाजूला पूर्ण आहेत का? घरी पाहुणे आले, कुणी खुर्ची सरकवली आणि एक लिव्हर तसाच राहिला, हे आमच्याकडे दोनदा झालं. दांडी मधोमध नसताना बटण दाबलं तरीही खुर्ची दिवे लुकलुकवते आणि हलत नाही. मांडीवरची पिशवी, शाल किंवा टेबलाची कड दांडीला टेकलेली असते. बंद करा, दांडी मोकळी सोडा, पुन्हा चालू करा.

मग बॅटरीपाशी किंवा सीटखाली ब्रेकरचं छोटं बटण शोधा. जास्त भार आला की ते बाहेर उडी मारतं. पाच मिनिटं थांबून आत दाबा. पुन्हा पुन्हा उडत असेल तर दाबत बसू नका, कुठेतरी शॉर्ट आहे. शेवटी खुर्चीच्या हातावरून खाली जाणारी जॉयस्टिकची केबल बोटांनी चाचपून पाहा. आपल्याकडचे दरवाजे अरुंद, त्यामुळे ही केबल चौकटीत चेपते आणि वरचं आवरण शाबूत राहून आतली तार तुटते. केबल हलवताना दिवे येत-जात असतील तर दुखणं तिथेच आहे. नुसती केबल बदलून मिळत असेल तर दीड ते चार हजारांत भागतं.

दिवे मोजा

खुर्ची लुकलुकते तेव्हा ती काहीतरी सांगत असते. किती दिवे लुकलुकतात किंवा एका दमात किती वेळा, ते मोजून कागदावर लिहा. भारतात बऱ्याच खुर्च्यांवर दिसणाऱ्या पीजी कंपनीच्या व्हीआर-२ कंट्रोलरवर किती पट्ट्या लुकलुकतात ते पाहायचं. एक पट्टी म्हणजे बॅटरी उतरली. दोन म्हणजे डाव्या मोटरचं कनेक्शन सैल, तीन म्हणजे डाव्या मोटरमध्ये शॉर्ट. चार आणि पाच म्हणजे तेच उजव्या मोटरबद्दल. सहा पट्ट्या असल्या तर चार्जर लागलेला आहे, सात म्हणजे जॉयस्टिक, आठ म्हणजे खुद्द कंट्रोलर, नऊ म्हणजे ब्रेकचं कनेक्शन, दहा म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर. डायनॅमिक कंपनीच्या शार्कमध्ये हिशेब वेगळा: दोन लुकलुकी बॅटरीच्या, तीन-चार मोटरच्या, पाच-सहा ब्रेकच्या. खुर्चीसोबत आलेल्या पुस्तिकेतलं ते एक पान फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

दुरुस्तीवाल्याला फोन करताना "खुर्ची बंद पडली" म्हणू नका. "व्हीआर-२ आहे, चार पट्ट्या लुकलुकतात, उजव्या बाजूचं टक् येत नाही" असं सांगा. तो योग्य सामान घेऊन येतो, आणि समोर जाणता माणूस आहे हेही त्याला कळतं.

बॅटरी: मीटर लावल्याशिवाय पैसे देऊ नका

सगळ्यांत जास्त पैसे इथे जातात. ताईच्या खुर्चीत १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-अवरच्या दोन सीलबंद बॅटऱ्या आहेत. चांगल्या कंपनीच्या, डीप सायकल प्रकारच्या बॅटरीला आम्ही एकेकी साडेसहा ते आठ हजार मोजले आहेत. जोडी चौदा हजारांची धरली आणि ती दोन वर्षं चालली, तर महिन्याला पावणेसहाशे रुपये होतात. विजेचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. पूर्ण रिकाम्या खुर्चीचं चार्जिंग साधारण एका युनिटमध्ये होतं. म्हणून जपायची ती बॅटरी.

आधी हत्यार. डिजिटल मल्टिमीटर ३०० ते ६०० रुपयांत मिळतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि बहुतेक गावांत इलेक्ट्रिकच्या दुकानात. झाकण उघडण्याआधी खुर्ची बंद करा, बांगड्या, अंगठ्या आणि लोंबतं मंगळसूत्र काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. व्होल्ट बाराच असले तरी दोन टर्मिनलांना लोखंड एकदम टेकलं तर ठिणगी उडून हात भाजतो. वायरींचा फोटो आधी, पाना नंतर.

रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून, दोन-तीन तास खुर्ची तशीच ठेवा. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास निम्मी. १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. पूर्ण चार्जिंगनंतरही एक १२.७ आणि दुसरी १२.१ दाखवत असेल तर दुसरी आजारी आहे.

एवढ्यावर थांबू नका, कारण भार नसलेल्या बॅटरीचं व्होल्टेज फसवतं. म्हातारी बॅटरी १२.७ दाखवते आणि चढावर लगेच मान टाकते. खरी परीक्षा भाराखाली. एकाने मीटरच्या पिना बॅटरीवर धरायच्या, खुर्चीत बसणाऱ्याने बसूनच रॅम्प चढायचा किंवा जाड पायपुसण्यावरून खुर्ची न्यायची, आणि आकडा पाहायचा. चांगली बॅटरी थोडी खाली येऊन सावरते. जी ११ च्या खाली कोसळते, किंवा जोडीदारापेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट खाली जाते, ती गेली. दोन्ही बॅटऱ्या एकेकट्या धडधाकट, पण दोन्ही मिळून मोजताना भाराखाली आकडा पडत असेल, तर मधली वायर, थिंबल किंवा प्लग पाहा. आमचं अठ्ठावीस हजारांचं प्रकरण या एका मोजणीत पाच मिनिटांत सुटलं असतं.

एक बॅटरी गेली म्हणून एकच बदलू नका. चार्जरला दिसते ती दोघींची बेरीज. जुनी लवकर भरते, लवकर उतरते, आणि नवीही तिच्यासोबत खराब होते. जोडी एकाच कंपनीची आणि एकाच महिन्यात बनलेली घ्या. अंगावरचा तारखेचा कोड दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिने गोदामात पडलेल्या बॅटरीला नवी म्हणून पैसे देऊ नका.

इथे दुकानदार बहुधा एक स्वस्त पर्याय पुढे करतात, यूपीएसची एसएमएफ बॅटरी. मापात बसते आणि दीड-दोन हजारांनी स्वस्त पडते. पण ती अधूनमधून वीज गेल्यावर कामाला येण्यासाठी बनलेली असते, रोज खोलवर उतरून पुन्हा भरण्यासाठी नाही. आम्ही एकदा घेतली. आठव्या महिन्यात ताईचा बँकेपर्यंतचा फेरा पुरेनासा झाला. अडीअडचणीला घ्यावी लागली तर घ्या, पण वाचलेले दोन हजार बाजूला ठेवा. ते लवकर लागतील.

बॅटरी मरते ती बहुतेक वेळा उपाशी ठेवल्याने. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट साचून घट्ट होतं आणि ती चार्जिंग घेईनाशी होते. म्हणून दिवसभरात खुर्ची अर्धा किलोमीटर चालली असली तरी रात्री चार्जिंगला लावा. आठ ते दहा तास पूर्ण द्या. माणूस महिनाभर दवाखान्यात असला तरी घरी पडलेली खुर्ची विसरू नका.

लिथियम बसवावी का, असं खूप जण विचारतात. वजनाला हलकी, टिकायला जास्त, पण ३५ अँपिअर-अवरच्या जवळपासचा चांगला पॅक पंचवीस ते चाळीस हजारांना पडतो आणि चार्जर वेगळाच लागतो. जुना लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावणं धोक्याचं आहे, आग लागू शकते. गल्लीत बांधून मिळणाऱ्या पॅकमध्ये आणखी एक अडचण असते. आतलं सुरक्षा सर्किट, म्हणजे बीएमएस, मोटरचा सुरुवातीचा झटका पेलण्याइतकं मोठं नसेल तर ते चढावर वीज तोडतं आणि खुर्ची रस्त्याच्या मध्यात जखडते. मुळात लेड-ॲसिडसाठी बनलेल्या खुर्चीत, कंपनीने लेखी मान्यता दिली नसेल, तर मी हा बदल करणार नाही. विमानाने जाणाऱ्यांसाठी एक आकडा: काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीची आंतरराष्ट्रीय मर्यादा ३०० वॅट-तास, आणि दोन असतील तर प्रत्येकी १६०. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरचा पॅक २८८ भरतो. त्याहून मोठा घेण्याआधी हा गुणाकार करा.

चार्जर

रात्रभर लावूनही खुर्ची उपाशीच असेल तर बॅटरीवर खापर फोडण्याआधी चार्जर पाहा. चार्जिंग सुरू असताना दोन्ही बॅटऱ्या मिळून व्होल्टेज मोजा. हळूहळू चढत ते २८-२९ पर्यंत गेलं पाहिजे. तासाभरानंतरही २५ वर अडलेलं असेल तर चार्जर मेला किंवा वाटेत वायर तुटली. चार्जर नुसता हातात घेऊन पिनेवर व्होल्टेज मोजायला जाऊ नका. बॅटरी जोडल्याशिवाय बरेच चार्जर बाहेर वीज सोडतच नाहीत, आणि चांगला चार्जर भंगारात जातो.

रिकाम्या बॅटरीवर लावताच हिरवा दिवा लागला, तर वीज बॅटरीपर्यंत पोचत नाही किंवा बॅटरी ती घेत नाही. फार खोल उतरलेल्या जोडीला चार्जर ओळखतच नाही. अशा वेळी बॅटरीच्या दुकानात दोन्ही वेगवेगळ्या बारा व्होल्टवर चार्ज करून घ्या. शे-दोनशे रुपयांत कधीकधी जोडी जिवंत होते. पाच अँपिअरचा नवा चार्जर अडीच ते सहा हजारांपर्यंत मिळतो. घेताना पिनेची जोडणी जुन्यासारखीच आहे याची खात्री करा. आणि घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लोडशेडिंगमध्ये खुर्चीचा चार्जर त्यावर ठेवू नका, तो तापतो. साइन वेव्हवर चालतो.

एका बाजूला ओढते, धक्के देते

आधी हवा. टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी दोन्ही चाकांत सारखी भरा. मग खुर्ची बंद करून दोन्ही लिव्हर सोडा आणि सपाट फरशीवर ढकला. ढकलतानाही एका बाजूला जात असेल तर दोष चाकात, बेअरिंगमध्ये किंवा घासणाऱ्या ब्रेकमध्ये आहे. पुढच्या छोट्या चाकांच्या आसात केस आणि दोरे इतके गुंडाळले जातात की चाक फिरण्याऐवजी फरपटत जातं. ब्लेडने कापून काढा. आमच्या घरी दर दोन महिन्यांनी मूठभर निघतात. बेअरिंग बदलायचं झालं तर शंभर-दीडशेला एक.

ढकलताना सरळ आणि चालवताना वाकडी असेल तर कार्बन पाहा. बऱ्याच मोटरच्या अंगावर समोरासमोर दोन काळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. स्क्रू ड्रायव्हरने फिरवल्या की आतून स्प्रिंगला लागलेला कार्बनचा चौकोनी तुकडा बाहेर येतो. तो झिजून सहा-सात मिलिमीटरवर आला, तुटला किंवा तिरका घासला गेला की मोटर अडखळते आणि चाकाला थोडा धक्का दिला की चालू लागते. सेट शंभर ते चारशे रुपयांना मिळतो. मोटर रिवाइंडिंगवाले दुसऱ्या यंत्राचा कार्बन घासून बसवून देतात. अडचणीत ते चालतं, पण त्याचा कडकपणा वेगळा असतो, म्हणून मूळ मापाचा मिळताच बदला. घडीच्या खुर्चीतल्या ब्रशलेस मोटरला कार्बन नसतो.

पावसात जॉयस्टिक भिजली तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको. दांडीखालचा रबर फाटला असेल तर तो जूनच्या आधीच बदला. टर्मिनलवर हिरवट बुरा आला असेल तर तो घासून काढा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचं बोट फिरवा.

कंट्रोलरचं नाव काढण्याआधी

मोटर एकेकी दहा ते पंचवीस हजार. कंट्रोलर-जॉयस्टिकचा संच साध्या खुर्चीला बारा-पंधरा हजारांपासून, परदेशी खुर्चीला चाळीस हजारांच्या पुढेही. एवढा पैसा मोजण्याआधी अदलाबदलीची चाचणी करून मागा. मागची चाकं लाकडी ठोकळ्यांवर उचलायची, खुर्चीत कुणी बसलेलं नको. खुर्ची बंद करून डाव्या आणि उजव्या मोटरचे प्लग आपसांत बदलायचे आणि मग सुरू करायची. आधी उजवीचा दोष दाखवणारी खुर्ची आता डावीचा दाखवू लागली, तर दोष मोटरसोबत हलला, म्हणजे मोटर किंवा तिची वायर. उजवीचाच दाखवत राहिली तर कंट्रोलर. दहा मिनिटांचं काम आहे. चाचणी झाल्यावर प्लग पूर्ववत करायला विसरू नका. नवा कंट्रोलर घ्यावाच लागला तर त्याचं प्रोग्रामिंग त्या खुर्चीसाठी आणि त्या माणसासाठी करून देणं किमतीत धरलं आहे का, ते आधी विचारा. नाहीतर दांडीला हलकासा हात लागताच खुर्ची उसळते, आणि ताईसारख्या अशक्त हाताला ते झेपत नाही.

बिल आणि हक्क

घरी येऊन पाहण्याचे पाचशे ते हजार रुपये दुरुस्तीवाले घेतात. ते द्या, खुर्ची नेऊ देण्यापेक्षा ते स्वस्त आहे. न्यावीच लागली तर किती दिवसांत परत देणार, कोणता भाग सदोष आहे आणि तो कशावरून ठरवला, हे लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. बॅटरीच्या वॉरंटीचे महिने बिलावर लिहून घ्या, तोंडी वॉरंटी दुकानात कुणी ओळखत नाही. व्हीलचेअरवर जीएसटी पाच टक्के आहे, सुट्या बॅटरीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा. कुणी जुन्या सवयीने अठ्ठावीस लावत असेल तर दाखवून द्या. जुनी जोडी फुकट सोडू नका. ३५ अँपिअर-अवरची एक बॅटरी दहा किलोच्या वर भरते आणि त्यातल्या शिशाला भाव आहे. दुकानदाराने वजन करून रक्कम बिलातून वजा करावी.

दुकानदाराने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. सरकारी शिबिरात अलिम्को या सरकारी कंपनीची खुर्ची किंवा ट्रायसिकल मिळाली असेल तर शिबिराचा कागद आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) जपून ठेवा, सेवा मागताना दोन्ही लागतात.

ताईच्या खुर्चीमागे आता एक कापडी पिशवी असते. तिच्यात मीटर, टेप गुंडाळलेला पाना, दोन फ्यूज, कार्बनचा एक सेट, चार थिंबलं आणि एक वही. वहीत दर महिन्याच्या एक तारखेला ताई दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे लिहिते, भार नसतानाचे आणि रॅम्पवरचे. मागच्या महिन्यात डावीचा रॅम्पवरचा आकडा ११.६ वरून ११.२ वर आला. नव्या जोडीची चौकशी आम्ही सुरू केली आहे.